दप्तर : एक शब्दविचार

मोडी कागद चाळणाऱ्या माणसाच्या तोंडीं 'दप्तर' हा शब्द दिवसांतून इतक्या वेळां येतो कीं, त्याचा अर्थ काय, असा प्रश्न त्यास सहसा पडत नाहीं. आम्हांसही तो पुष्कळ वर्षें पडला नव्हता. पण हा शब्द कोणकोणत्या ठिकाणीं वावरतो तें पाहावें. शाळेंत जाणारें मूल पाठीस दप्तर लावितें. तलाठी आपलें दप्तर तपासणीस घेऊन तालुक्यास जातो. पुण्यास आपण 'पेशवे दप्तरांत' जाऊन बसतों. तेथें ती एक इमारत असते. ग्रंथालयांत 'पुरंदरे दप्तर' मागितलें तर छापील पुस्तक हातीं येतें. आणि सरकारदरबारीं अर्ज अडकला म्हणजे त्या प्रकारास 'दप्तरदिरंगाई' म्हणतात. तेथें तर पिशवी नाहीं, इमारत नाहीं, ग्रंथ नाहीं, नुसती कारभाराची एक रीत आहे.

एक शब्द इतक्या अर्थीं चालतो यांत स्वतःस कांहीं नवल नाहीं. जुन्या शब्दांचें असें होतच असतें. परंतु मराठींतील या सर्व अर्थांच्या तळाशीं एकच मूर्त वस्तु आहे, आणि ती म्हणजे कापडांत बांधलेलें, क्रमानें लावलेलें कागदांचें गांठोडें, असें आमचें मत झालें आहे. उत्तरेकडील भाषांत हा शब्द कागद सोडून कचेरीच्या इमारतींत शिरला. मराठींत तो गांठोड्याशींच राहिला. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें जुन्या लेखांचें वाचन कोठें कोठें चुकतें. त्याहून वाईट म्हणजे, गांठोडें ही एक स्वतंत्र वस्तु आहे हें विसरल्यामुळें आपल्या डोळ्यांदेखत दप्तरें नाश पावत आहेत. म्हणून हा खटाटोप.

शब्द मूळचा ग्रीक. 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेलें कातडें. हेरोडोटस आपल्या इतिहासाच्या पांचव्या भागांत सांगतो कीं, आयोनियांतील ग्रीक लोक पपायरसाच्या ग्रंथांसही 'कातडीं' म्हणत. कारण पूर्वीं पपायरस दुर्मिळ असतां ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत असत. म्हणजे इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांतच पदार्थ बदलला आणि नांव मागें राहिलें. या शब्दाच्या कुंडलींत हा योग प्रथमपासून आहे. इराणचा बादशहा दुसरा अर्तक्षत्र याच्या दरबारीं क्तेसियस नांवाचा ग्रीक वैद्य होता. आपण इराणी राजांच्या 'राजकीय कातड्यां'वरून इतिहास लिहिला, असें त्याचें म्हणणें डायोडोरस या पुढील ग्रंथकारानें नमूद केलें आहे. क्तेसियस हा भरंवशाचा साक्षी नव्हे, ही गोष्ट प्रसिद्धच आहे; परंतु इराणी दरबारांत कातड्यांवर लिहीत, एवढें त्याचें म्हणणें खरें आहे. त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळालेला आहे. त्याचा विचार शेवटीं करूं.

जातां जातां एक गोष्ट. घशाच्या ज्या रोगास आपण घटसर्प म्हणतों, त्याचें युरोपीय नांव 'डिफ्थेरिया' याच शब्दापासून निघालें. ब्रेतोनो नामक फ्रेंच वैद्यानें १८२६ मध्यें या रोगास जें नांव दिलें, त्याचेंच हें पुढील रूप. घशांत कातड्यासारखा पडदा धरतो म्हणून तें नांव. दप्तर आणि घटसर्प हे चुलत भाऊ आहेत, असें कोणी सहज सांगितलें असतें तर आम्ही तरी विश्वास ठेविला नसता.

ग्रीकांतून आरमाइक, तेथून अरबी व फारशी, असा पुढील मार्ग आहे. येथें एका मोहाविषयीं सावध करणें अवश्य वाटतें. आपल्या कागदांत 'दप्तर' आणि 'दबीर' हे दोन शब्द शेजारीं शेजारीं येतात; दोन्ही फारशी, दोन्ही लेखनाच्या व्यवसायांतले, आणि उच्चारही जवळचे. तेव्हां दोहोंचें मूळ एकच, असें मानण्याकडे मन धांवतें. परंतु तसें नाहीं. दबीर हा 'दिपि' या प्राचीन इराणी शब्दाच्या कुळांतला. दरायसानें बेहिस्तून येथील डोंगरावर कोरविलेल्या लेखास 'दिपि' म्हटलें आहे, आणि त्याचें मूळ एलामी व बाबिलोनी भाषांमधून मागें जात सुमेरी 'डुब' या शब्दापर्यंत पोंचतें. डुब म्हणजे मातीची लेखनपट्टिका. अशोकाच्या शाहबाजगढी व मानसेहरा येथील लेखांत 'दिपि' हेंच रूप आहे, इतरत्र 'लिपि' आहे. पाणिनीच्या सूत्रांत लिपिकर व लिबिकर हे दोन्ही येतात. 'दिवाण' शब्दही बहुतेक याच घरचा. दप्तरांतला 'फ्त' मात्र ग्रीक 'फ्थ'ची खूण बाळगून आहे. तो दिपिपासून निघणें कठीण. म्हणजे आमच्या अष्टप्रधानांतला दबीर मातीच्या विटेवरून आला आणि त्याच्या हातांतलें दप्तर बकऱ्याच्या कातड्यावरून. दोघांची गांठ इराणांत पडली. दफाते, दफे हे शब्द तर अगदींच निराळे. ते अरबी असून त्यांचा अर्थ कलम किंवा वेळ असा आहे. दप्तराशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं.

अरबांच्या राज्यांत या शब्दास महत्त्व आलें तें बांधणीमुळें. अब्बासी घराण्याचा पहिला खलीफ सफ्फाह (७५०–७५४) याच्या वेळेपर्यंत सरकारी नोंदी सुट्या पानांवर होत. खालिद बर्मकी यानें त्या बांधीव वह्यांत, म्हणजे 'दफ्तरां'त, ठेवण्याची चाल पाडली, असें श्रेय अरबी ग्रंथकार त्यास देतात. सुटें पान हरवतें, बदलतें, मधेंच घुसडतां येतें. बांधलेलें सहसा नाहीं. येथून पुढें दफ्तर म्हणजे नुसतें लिहिलेलें कातडें किंवा कागद नव्हे, तर *बांधलेलें* लेखन. मौलाना रूमीची मसनवी सहा दफ्तरांची आहे असें म्हणतात तें याच अर्थानें. तेथें दफ्तर म्हणजे ग्रंथाचा खंड. तुर्कांच्या राज्यांत 'दफ्तरदार' हा खजिन्याचा मुख्य अंमलदार झाला. तुर्कीमधून हा शब्द पुन्हा ग्रीकांच्या देशीं गेला आणि 'तेफ्तेरी' या रूपानें वाण्याच्या उधारीच्या वहीचें नांव होऊन बसला. स्वतःच्याच घरीं परक्याच्या पोशाखांत आला, त्यामुळें घरच्यांनीं ओळखला नाहीं. समुद्रापार आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषेंत 'दफ्तरी' म्हणजे वही, आणि मलायी भाषेंत 'दफ्तर' म्हणजे यादी. सारांश, जेथें जेथें हिशेब ठेवणारा मुसलमानी कारभार किंवा व्यापार गेला, तेथें तेथें हा शब्द गेला. पण प्रत्येक ठिकाणीं त्यानें निराळें बिऱ्हाड केलें.

आतां हिंदुस्थान. उत्तरेंत १५८२ मध्यें तोडरमल्लानें मुलकी हिशेब फारशींत ठेवण्याचा नियम केला. दक्षिणेंत याच्या उलट घडलें होतें. विजापूरच्या पहिल्या इब्राहीम आदिलशहानें हिशेबाची भाषा फारशी बदलून 'हिंदवी' केली आणि तें काम ब्राह्मणांच्या हातीं दिलें, असें फेरिश्ता सांगतो. ती हिंदवी म्हणजे आमच्या मुलखापुरती मराठीच, असें समजण्यास हरकत नाहीं. या दोन गोष्टींचा आमच्या शब्दावर परिणाम झाला असावा. उत्तरेंत दफ्तर म्हणजे फारशी जाणणाऱ्या मुनशांची बसण्याची जागा, म्हणजे कचेरी. आणि आज हिंदी-उर्दूंत तोच अर्थ उरला आहे. बंगालींत तो वाढून सरकारचें खातें असा झाला, तर 'दप्तरी' म्हणजे पुस्तकें बांधणारा. इंग्रजी अमदानींत कचेरींतला 'दफ्तरी' कागद आंखी, लेखण्या तासी, वह्या शिवी.

मराठींत जागेस नांवांची वाण नव्हती. कचेरी होती, चावडी होती, फड होता, सदर होती. त्यामुळें दफ्तर शब्दास जागेचा अर्थ घेण्याची गरज पडली नाहीं. तो कारकुनाच्या कांखेंतल्या गांठोड्यासच चिकटून राहिला. मराठी जिभेनें 'फ'चा 'प' करून तो पुरता घरचा केला. याची एक गमतीची खूण अशी कीं, हिंदींत मुलाच्या पुस्तकांच्या पिशवीस 'बस्ता' म्हणतात, आणि आपण 'दप्तर' म्हणतों. बस्ता हा शब्दही फारशीच, अर्थ 'बांधलेलें'. तो मराठींतही आला, पण त्यास लग्नाच्या कापडांचें काम मिळालें! एका घरांतून आलेल्या दोन पाहुण्यांनीं आपसांत कामें बदलून घ्यावींत तसा हा प्रकार. मुलाच्या दप्तराचा अर्थ नवा किंवा लाक्षणिक नव्हे. पाटी व पुस्तकें फडक्यांत बांधून शाळेंत नेणारा मुलगा आणि कागद फडक्यांत बांधून चावडीवर जाणारा कुळकर्णी यांच्या कांखेंत दिसण्यास एकच वस्तु होती.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळीं, १६७४ मध्यें, प्रधानांचीं फारशी नांवें जाऊन संस्कृत आलीं. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, दबीराचा सुमंत. फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोशही तयार झाला. पण दप्तर जागचें हाललें नाहीं. पुढील दीडशें वर्षांच्या कागदांत तें सर्वत्र आहे. हुद्द्याचें नांव हुकुमानें बदलतां येतें. रोज हाताळावयाच्या वस्तूचें बदलत नाहीं.

पेशवाईंत प्रांतोप्रांतीं जे आठ दरकदार असत त्यांत दप्तरदार एक. फडणीस रोजच्या रोज रोजकीर्द लिही. तिजवरून महिन्याचा गोषवारा काढून हुजूर पाठविणें हें दप्तरदाराचें काम. पुण्याच्या हुजूर दप्तरांत दोनशेंवर कारकून राबत. त्याचे मुख्य भाग दोन : चालतें दप्तर आणि एकबेरीज दप्तर. चालत्या दप्तरांत फड, बेहेडा, सरंजाम अशीं खातीं. एकबेरजेंत सर्व खात्यांचे हिशेब येऊन त्यांचे तर्जुमे व खतावण्या होत. या ठिकाणीं कोणी म्हणेल, हुजूर दप्तर म्हणजे कचेरीच झाली कीं! खरें आहे, येथें अर्थ विस्तारला आहे. पण तो कोणत्या बाजूनें विस्तारला तें पाहावें. 'चालतें' दप्तर म्हणजे ज्यांत नवीन कागद पडत आहेत असें. चालणें हा गुण कागदांच्या संचाचा आहे, वाड्याचा नव्हे.

या भेदावर प्रत्यक्ष प्रसंग समजणें अवलंबून असतें. १७६३ मध्यें निजामअलीनें पुणें लुटलें, तेव्हां दप्तर सिंहगडाकडे हलविण्यांत आलें होतें, आणि त्या गडबडींत पुष्कळ कागद नष्ट झाले. उत्तर हिंदुस्थानी कानांनीं हें ऐकणारास कचेरीचा मुक्काम बदलला, एवढेंच वाटेल. मराठी कानास बैलांवर लादलेलीं गांठोडीं दिसलीं पाहिजेत. भावबंदांत कुळकर्णाचा तंटा लागला म्हणजे दप्तर कोणाच्या घरीं राहावें हाही तंट्याचाच भाग होई. ज्याच्या घरीं गांठोडें त्याच्या हातीं वतनाचा पुरावा. तें वतन १९५० च्या कायद्यानें गेलें, आणि दप्तर तलाठ्याकडे राहिलें.

गांठोड्यास बांधण्याचें जें चौकोनी फडकें तो 'रुमाल'. हाही शब्द फारशी, आणि त्याचा मूळ अर्थ 'तोंड पुसण्याचें'. दप्तरखान्यांत शिरल्यावर त्याला मोजणीचें माप होण्याचा मान मिळाला : अमक्या खात्याचे इतके रुमाल, अमका कागद अमक्या क्रमांकाच्या रुमालांत. जुना मराठी शब्द 'बासन'; पण तो आतां केवळ 'बासनांत गुंडाळून ठेवणें' या निंदेच्या प्रयोगांत ऐकूं येतो, आणि तें आम्हांस खटकतें. बासनांत गुंडाळणें हें एके काळीं जतन करण्याचें कृत्य होतें.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत हुजूर दप्तराची आबाळ झाली. मामले मक्त्यानें दिल्यावर बारीक हिशेब हवेत कोणास! पेशवाई बुडाल्यावर मॅक्लाउड नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या दप्तराची माहिती लिहिली, तींत नाना फडणिसांच्या काळची टापटीप आणि नंतरची हेळसांड यांतील अंतर स्पष्ट दिसतें. पुढें इनामांच्या चौकशीसाठीं इंग्रजांनीं हें दप्तर सांभाळिलें, १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाल्यावर त्यांत आणखी भर पडली, आणि शतकाच्या शेवटीं त्यासाठीं पुण्यांत स्वतंत्र इमारत उठली. आंत शाहू दप्तर, आंग्रे दप्तर, रोजकीर्दी, घडणी, जमाव असे विभाग आहेत. दप्तराच्या पोटांत दप्तरें. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत त्यांतून निवड करून पंचेचाळीस खंड काढिले, हें काम थोर आहे. मात्र ते खंड विषयवार आहेत. विषयवार निवड वाचकास सोयीची, परंतु कागदाचा शेजार तींत सुटतो. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस बसून पटवर्धनी दप्तरांतून जो लेखसंग्रह काढला, त्यांत कागद एकाच घराचे आणि कालक्रमानें लावलेले असल्यामुळें एक पत्र दुसऱ्यास उत्तर देत असलेलें दिसतें. आम्हांस तीच रीत अधिक मानवते.

शेजाराचें एवढें महत्त्व कां, तें कागद लावणारांस सांगावयास नकोच. पण विकत घेणारांस सांगावें लागतें. मराठी खासगी पत्रावर बहुधा 'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचें नांव, एवढेंच असतें. सन नसतो. लिहिणारास व वाचणारास सन ठाऊक होता. त्यानें कां लिहावा? मुसलमानी महिने सर्व ऋतूंतून फिरतात, त्यामुळें पत्रांत पेरणीचा किंवा पावसाचा उल्लेख असला तर कांहीं वर्षें गाळतां येतात. वार दिलेला असला तर आणखी कांहीं. तेवढेंही नसलें तर सन ठरतो तो त्या पत्राच्या वरच्या व खालच्या कागदांवरून, ज्या रुमालांत तें निघालें त्या रुमालावरून. तो संदर्भ पत्रांत लिहिलेला नसतो; तो गांठोड्यांत असतो.

कांहीं वर्षांमागें एका संग्राहक स्नेह्यांनीं आम्हांस एक पत्र दाखविलें. कांचेच्या चौकटींत बसविलेलें, मोर्तब सुबक, अक्षर वळणदार. 'छ' होता, महिना होता, सन नव्हता. मजकूर एका वसुलाच्या तगाद्याचा. असा तगादा साठ वर्षांत केव्हांही जावा. स्नेही उदार होते. ज्या घरून तें निघालें तें घर त्यांनीं दाखविलें. तेथें कळलें कीं, मूळचे चार रुमाल होते. विक्रेत्यानें शिक्क्याचे कागद वेंचून घेतले, कोणता कोठून काढला त्याची टिपणी केली नाहीं, आणि हिशेबाचे ताव 'यांत कांहीं नाहीं' म्हणून टाकून दिले. ते पावसाळ्यांत भिजून गेले. तो तगादा ज्या बाकीचा होता ती बाकी त्या तावांतच असणार. घरच्या बाईंनीं रुमालाचें कापड दाखविलें. चांगलें जाड खादीचें होतें. धुऊन त्यांनीं तें पिठाच्या डब्यावर झांकलें होतें आणि त्यालाच हात पुशीत होत्या. रुमालानें आपला मूळ अर्थ परत मिळविला होता. पत्राचा सन अद्याप ठरलेला नाहीं.

वर इराणी दरबाराच्या कातड्यांचा पुरावा शेवटीं पाहूं असें म्हटलें आहे, तो असा. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत मिसर देशावर इराणच्या बादशहाचा अर्शाम नांवाचा सुभेदार होता. त्याचीं आरमाइक भाषेंतील पत्रें मिळालीं आहेत. तीं कातड्यांवर लिहिलेलीं आहेत. १९५४ मध्यें ड्रायव्हर या पंडितानें तीं प्रसिद्ध केलीं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत तीं आहेत, आणि त्यांबरोबर कातड्याच्या पिशव्या व मातीच्या कांहीं मुद्राही आहेत. डिफ्थेरा, आणि तिजवर डुबची माती. आपल्या शब्दाच्या पूर्वजाची प्रत्यक्ष मूर्ति पाहावयाची असेल तर ती हीच. मजकूरही ओळखीचा आहे : जमिनीचें उत्पन्न वेळेवर कां आलें नाहीं, अमक्याची जमीन त्याच्या मुलास द्यावी, वाटेंत अमक्या माणसांस शिधा पोंचवावा. पत्रांवर सन नाहीं. मिसरांतील एका विक्रेत्याकडून तीं आलीं. कोणत्या गांवीं आणि कशांतून निघालीं, हें त्यानें सांगितलें नाहीं.